पोस्टकार्डावरचा निकाल

भिवंडीच्या आमच्या जुन्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आजोबा गेल्यावर तेराव्यानंतर तो खाली काढला. आत पैसे नव्हते, दागिना नव्हता. सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं होती, शंभराच्या वर. सगळी कोल्हापूरहून आलेली, सगळ्यांवर धाकट्या आजोबांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘ती. दादांस सा. न. वि. वि. काल तालीम दोन-एकने जिंकली. पहिला गोल आपल्याला बसला होता. आईचा दमा आता बरा आहे.’ कुठलंही कार्ड काढा, क्रम हाच. आधी निकाल, मग आईची तब्येत.

आजोबांचा जन्म कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. पेठेची तालीम म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ. कोल्हापुरात तिला पीटीएम म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, कारण तालीम म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे लाल माती आणि लंगोट येतात. तेही खरंच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांतल्या तालमी घुमू लागल्या. पण पुढच्या पिढीत याच तालमींतली पोरं फुटबॉलच्या मागे लागली. राजाराम महाराजांच्या काळात, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि पेठांमधली जुनी चुरस चेंडूवर आली. मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल, शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, रविवार पेठेत दिलबहार. आजही शाहू स्टेडियमवर यांच्यातला सामना असला की शहराच्या त्या भागातली दुकानं लवकर आवरतात.

मी लहानपणी एकदा आजोबांना विचारलं होतं, तुम्ही पाटाकडीलच का निवडली? ते हातातली विडी विझवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘नाव ठेवताना मला कुणी इचारलं हुतं व्हय रं?’

त्या उत्तरावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. क्लब निवडतात ही कल्पनाच त्यांना ठाऊक नव्हती. गल्लीच्या तोंडाशी तालीम, तालमीत गणपती, तालमीतच मोहरमचा पंजा, तिथेच भांडणं मिटायची, तिथूनच लग्नाची वरात आणि शेवटची तिरडी निघायची. फुटबॉल हा त्या सगळ्या जगण्याचा एक भाग. त्यांची थोरली बहीण लग्न होऊन शिवाजी पेठेत गेली. आडनाव बदललं, कुलदैवत बदललं, तालीम मात्र बदलली नाही. तिची मुलं प्रॅक्टिसची झाली. पाटाकडील-प्रॅक्टिस सामन्याच्या दिवशी ती मुलांना जेवायला वाढायची आणि एक शब्द बोलायची नाही, असं आजोबा सांगत. हे सांगताना त्यांचा ऊर भरून येई.

आजोबा पोटासाठी आधी इचलकरंजीला गेले. तिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला होता, आणि आजोबांच्या तरुणपणी सगळं गाव खटाक-खटाक करत होतं. तिथे ते जॉबर झाले. १९५८मध्ये एका मागवाल्याने जास्त पगार देतो म्हणून भिवंडीला आणलं, ते कायमचे भिवंडीचे झाले. कामवारीच्या काठचं हे गाव तेव्हा आजच्याएवढं पसरलं नव्हतं, पण आवाज हाच. मागावरचा जॉबर कानाने काम करतो. पंचवीस माग एकदम चालू असताना कुठल्या मागाचा धोटा वाकडा जातोय हे आजोबांना पाठमोरं उभं राहून कळायचं. जायचे, दांडी ओढून माग थांबवायचे, धोटा काढून त्याच्या टोकावरून अंगठा फिरवायचे, कानशीने दोनदा घासायचे, नवी कांडी बसवायचे, तुटलेला धागा जिभेवर ओला करून जोडायचे. पुन्हा खटाक-खटाक. या माणसाने आयुष्याची पस्तीस वर्षं भिवंडीत काढली. रेशन कार्ड भिवंडीचं, मतदान भिवंडीत. तरी कुणी ‘तुम्ही कुठले?’ म्हणून विचारलं की ते गाव सांगत नसत. तालीम सांगत.

शेजारच्या कारखान्यात एक विणकर होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. मूळचे आझमगडकडच्या मऊचे. भिवंडीतल्या मोमीन-अन्सारी घराण्यांत १८५७नंतरच्या स्थलांतराची गोष्ट घराघरात सांगतात. उठाव चिरडला गेला, हातमागाचा धंदा विलायती कापडाने आधीच मोडला होता, मग माणसं दक्षिणेकडे निघाली. कुणी बुऱ्हाणपूरला थांबलं, कुणी मालेगावला, कुणी धुळ्याला, आणि काही आग्रा रोडने थेट भिवंडीपर्यंत पोचले. चाचांचे पणजोबा त्या वाटेने पायी आले, असं त्यांच्या घरात सांगत.

चाचांचा क्लब होता कलकत्त्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. चाचांनी कलकत्ता आयुष्यात पाहिलं नाही. हा क्लब त्यांना वडिलांकडून मिळाला, आणि वडिलांना तो तिकडे ज्यूट मिलमध्ये कामाला गेलेल्या एका चुलतभावाच्या चिठ्ठीतून मिळाला. साल १९३४. त्या वर्षी मोहम्मेडनने कलकत्ता लीग जिंकली. गोऱ्यांच्या पलटणींना आणि क्लबांना मागे टाकून ती लीग जिंकणारा तो पहिला हिंदी क्लब. मग १९३८पर्यंत सलग पाच वर्षं जिंकली. कलकत्त्याच्या पावसात चिखलात इतर हिंदी संघ अनवाणी घसरायचे तेव्हा मोहम्मेडनचे खेळाडू बूट घालून उतरायचे, ही गोष्ट चाचा अशी सांगत की जणू ते बूट त्यांनीच शिवले होते. १९४०मध्ये मुंबईचा रोव्हर्स कप आणि दिल्लीचा ड्युरँड कप दोन्ही मोहम्मेडनने नेले. ड्युरँड जिंकणारा तोही पहिलाच हिंदी संघ. रोव्हर्सला चाचांचे वडील मुंबईच्या कूपरेज मैदानावर हजर होते. कल्याणपर्यंत चालत गेले, पुढे आगगाडीने. परत आले तेव्हा घसा बसला होता, तीन दिवस खुणांनी बोलत होते.

यात धर्माचा भाग होता हे मी नाकारत नाही. त्या काळात या क्लबच्या विजयाला देशभरातल्या मुसलमानांनी आपला विजय मानलं, आणि राजकारणानेही त्याचा वापर केला. फाळणीत संघ विस्कटला. पण तो पुन्हा उभा राहिला, पुढे सगळ्या धर्मांचे खेळाडू त्यात आले, १९५६ आणि १९५९ला त्याने पुन्हा रोव्हर्स जिंकला. चाचांच्या बाबतीत मला एवढंच दिसतं की मऊ सुटलेलं, भिवंडीत अजून ‘परप्रांती’ म्हणवलं जाणारं एक घर होतं, आणि काळ्या-पांढऱ्या कपड्यातले अकरा जण त्या घराचा पत्ता झाले होते. आजोबांना हे कुणी समजावावं लागलं नाही. दोघांची दोस्ती तिथेच जमली.

१९८४च्या मे महिन्यात हिंदू-मुसलमान दंगलीत भिवंडी पेटली. मी दहा वर्षांचा होतो. संचारबंदीत माग बंद, आणि भिवंडीत माग बंद पडले की जी शांतता येते ती फार भयानक असते. कानात काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. टपाल थांबलं होतं. कोल्हापूरचा हंगाम संपत आलेला, आणि आजोबांना निकाल माहीत नव्हते. संचारबंदी सैल झाली त्या आठवड्यात एकदम तीन कार्डं आली. दुपारी दारावर टकटक झाली. चाचा होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांच्या मेहुण्याचा कारखाना जळाला होता हे आम्हाला कळलं होतं. काय बोलावं हे घरात कुणालाच सुचेना. चाचा चटईवर बसले आणि म्हणाले, ‘चिठ्ठी आली का? तुमची तालीम काय झाली?’ त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. आजोबांनी चष्मा लावून तिन्ही कार्डं मोठ्याने वाचली. निकाल, मग आईची तब्येत. निकाल, मग आईची तब्येत. तिसऱ्या कार्डापाशी आजोबांना वाचता येईना, तेव्हा पुढचं मी वाचलं.

चार वर्षांनी, १९८८मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही बाजूंची साधी माणसं, मागवाले, दुकानदार, रिक्षावाले पोलिसांबरोबर नियमित बसू लागले. १९९२-९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आमच्या भागातल्या समितीत चाचा होते. समितीत हिंदू-मुसलमान हा विषय निघाला की ते कोल्हापूरच्या तालमींचं उदाहरण द्यायचे, एकाच छपराखाली गणपती आणि पंजा. कोल्हापूरही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मला स्वतःला क्लब मिळाला तो १९८७ साली, कूपरेजवर. शुक्रवार होता, माग बंद. चाचांनी आजोबांना आणि मला बरोबर घेतलं. एसटीने कल्याण, लोकलने व्हीटी, तिथून हुतात्मा चौकावरून ओव्हलच्या कडेने चालत. चाचांनी माझं मनगट धरलं होतं. धाग्याने चिरून चिरून त्यांच्या तर्जनीला आडव्या रेघा पडल्या होत्या, त्या मनगटाला टोचत होत्या; ते मला अजून आठवतं. गॅलरीत शेंगदाणे, घाम आणि ओल्या गवताचा वास. मोहम्मेडनचा संघ उतरला तसे चाचा उठून उभे राहिले, ते मध्यंतरापर्यंत बसलेच नाहीत. समोरच्या संघाच्या एका सुंदर पासला मी टाळी वाजवली. चाचा काही बोलले नाहीत. आजोबा मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ज्याच्या हाताला धरून आलास, त्याच्याकडनं बस.’ त्या वर्षी रोव्हर्स मोहम्मेडननेच जिंकला. तेव्हापासून माझे दोन क्लब आहेत, दोन्ही मी न पाहिलेल्या गल्ल्यांचे.

आमच्या भिवंडीच्या भरभराटीचा आणि मुंबईच्या फुटबॉलचा एक वेगळाच संबंध आहे, तो सांगायला हवा. एके काळी मुंबईत गिरण्यांचे संघ होते. मफतलालने १९६५ला रोव्हर्स जिंकला होता. पुढे ऑर्केचा संघ आला. टाटांचा तर होताच. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा टाटांकडूनच खेळायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, आणि कापडाचं काम आमच्या मागांवर आलं. भिवंडीत रातोरात पत्र्याच्या शेड उठल्या. त्याच सुमारास गिरण्यांचे संघ विरत गेले. ज्या गिरणीकामगाराने संघासाठी घसा फोडला त्याची नोकरीही गेली आणि संघही. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये कंपनीने बंद केला. माझा एक मित्र महिंद्राचा कट्टर होता. त्यानंतर त्याने कुठल्याच क्लबला आपलं म्हटलं नाही, आणि मला त्याचं बरोबर वाटतं. कंपनीचा संघ कंपनीच्या मालकीचा असतो, कारखान्यासारखा त्याला टाळा लावता येतो. पाटाकडील तालमीला टाळा लावायचा तर आधी मंगळवार पेठ रिकामी करावी लागेल.

आताच्या मुलांचं काय, असं मला नेहमी वाटायचं. टीव्हीवर पाहून बार्सिलोना नाहीतर लिव्हरपूल धरायचं, याला कसला पत्ता? माझ्या पुतण्याने बार्सिलोनाची जर्सी ऑनलाइन मागवली, ती आमच्याच भिवंडीतल्या एका गोदामातून घरी आली. जिथे माझ्या लहानपणी भातशेती होती तिथल्या गोदामातून. मी त्याला सरळच विचारलं, तुला हा क्लब कुठून मिळाला? तो म्हणाला, वसतिगृहात एक दादा होता, रात्री दीड वाजता उठवायचा, मोबाइल उशीला टेकवून दोघं एका पांघरुणात सामना बघायचो. पुढे तो दादा पुण्याला नोकरीला गेला. अजून गोल झाला की दोघांपैकी एकाचा फोन येतोच. ऐकल्यावर माझा आक्षेप मी मागे घेतला. इथेही कुणीतरी मनगट धरलं होतं.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. २०२४च्या एप्रिलमध्ये मोहम्मेडनने आय-लीग जिंकली आणि क्लब इंडियन सुपर लीगमध्ये गेला, त्या संध्याकाळी भिवंडीच्या शांतीनगरातून चाचांच्या नातवाचा फोन आला. तो रॅपियर लूमवर काम करतो. म्हणाला, ‘दादा होते तो आज गला बैठ जाता.’ मी ताबडतोब कोल्हापूरला चुलतभावाला फोन लावला आणि त्याला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच तालमीचा त्या आठवड्याचा निकाल सांगितला. मग काकूची तब्येत.

माझी एक विनंती आहे. भिवंडी, मदनपुरा, परळ, मालेगाव, कोल्हापूर, कुठेही तुमच्या घरात कूपरेजच्या गॅलरीत बसलेला म्हातारा माणूस असेल तर त्याला विचारा, तुम्हाला तिथे पहिल्यांदा कोण घेऊन गेलं होतं. त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. रोव्हर्स कप २००१नंतर झालेला नाही, आणि तो पाहिलेली माणसं आता फार उरलेली नाहीत.