हृदयविकाराची नवी गोळी सुरू केल्यावर त्रास होतोय? काय सोसायचं आणि काय लगेच सांगायचं

अँजिओप्लास्टीनंतर रुग्ण घरी येतो, तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा पाच-सहा गोळ्यांची चिठ्ठी असते. मग ते घर नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात असो, कोपरखैरण्याच्या सेक्टरमध्ये असो की घणसोलीत. पहिल्या आठवड्यात डोकं जड होतं, पाय सुजतात, खोकला येतो. मग शेजारी सल्ला देतात, "गोळी सोसत नाही, बंद कर." इथेच खरा धोका असतो. दुष्परिणामाचा त्रास बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतो, पण गोळी मनाने बंद केल्यावर होणारं नुकसान दर वेळी भरून येत नाही.

गोळी अचानक बंद केली तर काय होतं?

स्टेंट हा धातूच्या जाळीचा तुकडा असतो. त्याच्यावर आतून पेशींचं अस्तर येईपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर ही दुसरी गोळी साधारण 6 ते 12 महिने दिली जाते. ती मध्येच थांबवली तर स्टेंट बंद होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं लागतं ते याचसाठी. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर एकदम बंद केल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात, छातीत दुखू लागतं. बंद करायचेच असतील तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

कोणत्या गोळीने कोणता त्रास होतो?

*रामिप्रिल, एनालाप्रिल:* दहापैकी साधारण एकाला कोरडा खोकला येतो. तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही सुरू होतो आणि कफ सिरपने जात नाही. डॉक्टर त्याऐवजी टेल्मिसार्टनसारखी गोळी देऊ शकतात. बदल केल्यावर खोकला जायला काही आठवडे लागू शकतात.

*अ‍ॅमलोडिपिन:* संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात. डोस वाढला की सूज वाढते. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात.

*बीटा ब्लॉकर:* सुरुवातीला थकवा येतो, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते. बरेचदा काही आठवड्यांत शरीराला सवय होते. मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: साखर खाली गेल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र येतो. दमा असेल तर तो आधीच सांगावा.

*नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटसारख्या गोळ्या:* रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून डोकं ठणकतं. हा त्रास सहसा काही दिवसांत कमी होतो. जिभेखाली गोळी ठेवताना बसून घ्यावं. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक क्षमतेची गोळी यासोबत घेणं जिवावर बेतू शकतं.

*टिकाग्रेलोर:* काहींना पहिल्या दिवसांत श्वास पुरत नसल्यासारखं वाटतं. हे डॉक्टरांना कळवावं, पण गोळी चालू ठेवावी.

*लघवी वाढवणाऱ्या गोळ्या:* कोपरखैरणे स्टेशनवरून लोकल पकडायची म्हणून अनेक जण ही गोळी टाळतात. त्याऐवजी तिची वेळ बदलता येईल का, हे विचारावं.

स्नायू दुखतात ते स्टॅटिनमुळेच का?

दर वेळी नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने 2020 मध्ये 'सॅमसन' नावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं गेलं. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. दुखणं खरंच होतं, पण त्याचं कारण बहुतांशी औषध नव्हतं. तरीही दोन्ही मांड्या तीव्र दुखत असतील किंवा लघवी गडद होत असेल, तर लगेच रक्ततपासणी करावी लागते.

घरी काय करावं?

अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसावं. उन्हाळ्यात घाम फार जातो. त्यात जुलाब-उलट्या झाल्या, तर रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

खाण्याचाही संबंध आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी आवडीने खातात. त्यातल्या मिठाने शरीरात पाणी साठतं आणि दोष गोळीला दिला जातो. रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना 'लो सोडियम' मीठ आणि रोजचं शहाळं विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन्हींत पोटॅशियम असतं आणि या गोळ्यांनीही ते रक्तात वाढतं.

अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणू नये. एक गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. एकाच औषधाची वेगवेगळी ब्रँड नावं असतात, त्यामुळे पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वहीत लिहावं. नाहीतर तेच औषध दोनदा घेतलं जातं. त्याच वहीत त्रास कधी सुरू झाला, रक्तदाब, नाडी आणि सकाळचं वजन लिहावं. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत 2 किलोने वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

लगेच रुग्णालय कधी गाठायचं?

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं, काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं. यांपैकी काहीही झालं तर रिक्षा शोधण्यात वेळ न घालवता 108 वर मोफत रुग्णवाहिका बोलवावी. सोबत गोळ्यांची पाकिटं घ्यावीत.

दुष्परिणामाची नोंद कुठे होते?

भारतात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. डॉक्टरच नव्हे, रुग्णही 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कामकाजाच्या वेळेत नोंद करू शकतो. मात्र ही फक्त नोंद आहे. गोळी बदलायची की डोस, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं.