वेदीवरचा चषक काचेचा का नसतो?

चर्चमधील वेदीवर मांडलेली सोन्या-चांदीची पात्रे पाहून अनेकांना ती केवळ वैभवाची खूण वाटते. प्रत्यक्षात कॅथलिक परंपरेत त्या पात्रांचा धातू आणि हाताळणी यांमागे एक श्रद्धा आहे. मिस्साच्या विधीत भाकर आणि द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तन होते, असे ही परंपरा मानते. साहजिकच त्याचा कण वा थेंबही वाया जाता कामा नये.

म्हणूनच वेदीच्या शुभ्र आच्छादनावर 'कॉर्पोरल' हे चौकोनी वस्त्र पसरून त्यावर चषक आणि भाकरीची छोटी थाळी ठेवतात. प्रसादवाटपानंतर चषकात पाणी घालून तो विसळला जातो व ते पाणी प्राशन केले जाते. वेदीवरची वस्त्रे प्रथम भिजवलेले पाणीदेखील गटारात न सोडता जमिनीत मुरवतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) धर्मगुरू भाविकांकडे तोंड करून विधी करू लागले. वसईच्या चर्चमध्ये मराठी प्रार्थना घुमू लागल्या. साधेपणाच्या ओढीने काही देशांत काचेचे आणि मातीचे चषकही वेदीवर आले. गोरगरिबांच्या चर्चला ते शोभण्यासारखेच होते. पण ती पात्रे सहज फुटतात. २००४ मध्ये व्हॅटिकनने त्यांना स्पष्ट मनाई केली. सोन्याचाच आग्रह मात्र नाही. त्या त्या प्रदेशात मौल्यवान मानले जाणारे टिकाऊ साहित्य, व्हॅटिकनची मान्यता घेऊन, चालते. धातू गंजणारा असल्यास आतून सोन्याचा मुलामा देतात.

उरलेला प्रसाद 'टॅबरनॅकल' या कुलूपबंद पेटीत ठेवला जातो व तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या अशाच एका पात्रावर पेलिकन पक्षी आहे. स्वतःची छाती फोडून हा पक्षी पिलांना रक्त पाजतो, अशी युरोपात समजूत होती. त्यामुळे तो ख्रिस्ताचे प्रतीक ठरला. हे पात्र त्याच मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात आहे. १९९४ मध्ये राशोल येथे सुरू झालेले हे संग्रहालय २००२ मध्ये येथे आले. जानेवारी २०१२ मध्ये तेथे चोरी झाली आणि पहाऱ्यावरील सुरक्षारक्षकाचा खून झाला. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले.