एका साच्यावरून दुसऱ्या साच्यावर



कामात जीव ओतणारा एक माणूस असला की शेजारच्याच्याही हाताला वेग येतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हा उत्साह एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? याचे उत्तर मला पुस्तकाआधी मोंढ्यात मिळाले. विशीच्या आत मी लातूरच्या बाजारात पोती उचलू लागलो. पहिल्या दिवशी वजन झेपेना. मुकादम दिवसभर ओरडत होता. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. टोळीतल्या एका म्हाताऱ्या हमालाने मात्र पोते घेताना श्वास केव्हा धरावा आणि थप्पीपाशी पाय कसा रोवावा, एवढे दाखवले. त्या दिवसापासून मी टोळीचा झालो.

पुढे वाचू लागलो तेव्हा कळले, की कामगारांचा इतिहासही असाच घडला आहे. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणी कामगारांची म्हणावी अशी बळकट संघटना तेव्हा नव्हती. तरी वर्षाला एक दिवस या हिशेबाने मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. निरोप कोणी नेला? एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या गाववाल्यांनी, खाणावळीतल्या पंगतीने, शेजारच्या साच्यावरच्या सोबत्याने.

१९२८ साली तर हे अधिकच स्पष्ट दिसले. विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता. त्याचा अर्थ उघड होता: एकाला दीडपट काम, दुसऱ्याला घरचा रस्ता. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. त्या मे महिन्यात गिरणी कामगार युनियन निघाली, तेव्हा तिचे सभासद जेमतेम तीनशेच्या आसपास होते. वर्षअखेर ते पन्नास हजारांवर गेले. नुसत्या व्याख्यानांनी एवढी माणसे जमत नाहीत. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते, आणि गिरणीगिरणीतून कामगारांच्या कमिट्या उभ्या राहिल्या. रोज शेजारी उभा राहणारा माणूस वर्गणी मागे, म्हणून ती दिली जाई.

पण हा प्रवाह एका ठिकाणी अडला, आणि तेही आज सांगितले पाहिजे. विणकर नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याच्या ओठाचा धागा आपल्याला विटाळेल, म्हणून सवर्ण कामगार त्याला विणाईखात्यात येऊ देत नसत. आणि चांगली मजुरी तर त्याच खात्यात! लढा सगळ्यांचा होता, उपासमार सगळ्यांची होती, साचा मात्र सगळ्यांचा नव्हता. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न त्याच सुमारास जाहीरपणे उभा केला. हा दोष मालकांच्या माथी मारून आपल्याला सुटता येत नाही. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. पण मधली दहा वर्षे गेली ती गेलीच.

दुसऱ्यांना काय नावे ठेवू? एका डाळमिलमध्ये आम्ही संप पुकारला, तेव्हा डाळ निवडणाऱ्या बायांना सभेला बोलावलेच नाही. त्या तिसऱ्या दिवशी कामावर गेल्या आणि संप मोडला. मी त्यांना जाब विचारला. त्यांतली एक म्हणाली, "दादा, तुम्ही आम्हाला विचारलं कवा?" मला उत्तर सुचले नाही. पुढच्या वेळी पहिली बैठक बायांची घेतली.

नांदेडची उस्मानशाही गिरणी निजामी अमदानीतली. १९७४ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. आज ती बंद आहे. आता औद्योगिक वसाहतींत कंत्राटी मुले येतात आणि ओळख पटण्याआधीच बदलली जातात. शेजारी टिकतच नाही, तर उत्साह जाणार कोणाकडून कोणाकडे? भिंतीवर सुविचार लावून तो येत नाही. नोकरी टिकली पाहिजे, जेवणाची सुट्टी एकत्र मिळाली पाहिजे, आणि नव्या पोराला काम दाखवायला जुन्या माणसाला सवड दिली पाहिजे. आपल्यापैकी ज्यांची दुकाने आणि कारखाने आहेत, त्यांनी एवढे जरी केले, तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.