उकिरड्यावरची बुरशी आणि भातावरची फवारणी

मंडळी, टीबीचा कोर्स पुरा झालाय, रिपोर्टही निगेटिव्ह, तरी खोकला हटत नाही आणि थुंकीत रक्त दिसतं. घरचे हबकतात, "परत टीबी!" पण कधी कधी कारण वेगळंच असतं. टीबीनं फुप्फुसात पाडलेल्या पोकळीत ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी घर करते. प्रतिकारशक्ती अगदीच ढासळलेल्या माणसाला तीच जीवघेणा न्यूमोनिया करते.

ही बुरशी कुठली लांबची नाही. आपल्या आटगावच्या उकिरड्यात, कुजलेल्या पेंढ्यात ती असतेच. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. ॲस्परजिलस हे नाव १७२९ साली मिकेली या इटलीतल्या धर्मगुरूनं दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ती चर्चमधल्या तीर्थ शिंपडायच्या साधनासारखी दिसली.

तिच्यावर इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल अशी 'ॲझोल' गटातली औषधं चालतात. पण नेदरलँड्समध्ये १९९८ पासूनच्या नमुन्यांत या औषधांना दाद न देणारी बुरशी सापडली. गंमत म्हणजे, काही रुग्णांनी हे औषध आयुष्यात कधी घेतलंच नव्हतं! मग बुरशी औषधाला सरावली कुठे?

उत्तर जनुकांत होतं. वेगवेगळ्या रुग्णांच्या बुरशीत एकच खूण मिळाली: एका जनुकाच्या सुरुवातीचा ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला, आणि पुढे एक ठरावीक बदल. हीच खूण बाहेरच्या मातीतही निघाली. शेतात फवारतात ती ॲझोल बुरशीनाशकं याच गटातली, म्हणून संशय शेतीकडे वळला.

आपल्याकडे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. भातखाचरांची माती, इस्पितळातल्या कुंड्या, वॉर्डातली हवा, सगळीकडून नमुने घेतले. डीएनएत काही अक्षरं ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. ती किती वेळा येतात हे मोजलं की बुरशीचं कूळ कळतं. निकाल असा, की औषधाला न जुमानणारी रुग्णांतली बुरशी आणि माती-हवेतली बुरशी एकाच कुळातली होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या बुरशीला सर्वांत गंभीर गटात टाकलं.

आता आपलं बघा. पर्णकोष करप्यावर आपण हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल मारतो, तीही ॲझोलच. फवारू नका असं माझं म्हणणं नाही, पीक जाताना कोण हातावर हात धरून बसेल? पण रोग नसताना, शेजाऱ्यानं मारलं म्हणून मारू नका. कृषी सहायकाला विचारा, मात्रा मोजून घ्या. उकिरडा उपसताना तोंडाला फडकं बांधा, आणि घरात दम्याचा किंवा टीबी होऊन गेलेला माणूस असेल तर ते काम त्याला देऊ नका.

आणि टीबी बरा होऊनही रक्त पडत असेल तर घरी बसू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "बुरशीची तपासणी करायची का?"