क्वाडचा टाय रॉड: कधी आणि कसा बदलावा

एनिसबाहेर राहणाऱ्या, शेतकामाला क्वाड बाइक (एटीव्ही) वापरणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ही माहिती देत आहोत.

हँडल फिरवले की पुढची चाके वळतात ती दोन टाय रॉडमुळे. क्लेअरमधल्या दगडी भिंती म्हणजे आपले कोकणातले गडगेच! त्यावर चाक आपटले, तर बऱ्याचदा हाच रॉड वाकतो. तो ठोकून सरळ करू नका. तिथले लोखंड कमजोर होते आणि उतारावर तुटला तर गाडी हाताबाहेर जाते.

तपासायला पुढचा भाग जॅकवर पक्का घ्या, चाक दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली किंवा रबरी टोपण फाटलेले दिसले, तर टोकाचा जॉइंट बदला. साधारणपणे रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, उगाच जोर लावू नये. जुना जॉइंट किती फेऱ्यांत निघाला ते मोजा, नवा तितकाच बसवा. स्प्लिट पिन मात्र नवीच घाला. शेवटी दोन्ही टायरांमधले अंतर पुढून आणि मागून मोजून मॅन्युअलप्रमाणे जुळवा.

जाड, मजबूत रॉड बाजारात मिळतात. आम्हाला शेतकामासाठी कंपनीच्या मापाचाच बरा वाटतो. रॉड वाकला नाही की धक्का स्टिअरिंगच्या महाग भागांवर जातो.

आयर्लंडमध्ये २० नोव्हेंबर २०२३ पासून कामासाठी क्वाड चालवणाऱ्याला प्रशिक्षण आणि हेल्मेट सक्तीचे आहे. दुरुस्तीनंतर अंगणात हळू चालवून पाहतानाही हेल्मेट घालाच.