एक खिडकी, दोन पडदे

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मस्कतची ताई दर रविवारी लॅपटॉपवर दिसायची, पण त्या पाटीएवढ्या पडद्यावर आईला ताईचं तोंड आणि मागचा पंखा यांत फारसा फरक कळत नसे. म्हणून आम्ही चोवीस इंची मॉनिटर घेतला, आणि एक डॉक. डॉक म्हणजे लॅपटॉपचं मनमाड जंक्शन. मॉनिटर, माऊस, कीबोर्ड सगळे डॉकला येऊन मिळतात आणि तिथून एकच वायर लॅपटॉपकडे जाते.

लॅपटॉपवर लिनक्स होतं. ते भाच्याने घातलं. ‘फुकट असतं’ म्हणाला, आणि आमच्यातला बी.कॉम. विरघळला.

रविवारी संध्याकाळी सहाला वायर खुपसली. माऊस हलला, बॅटरी भरू लागली आणि मॉनिटर काळा ठिक्कर. कोट खुर्चीवर आहे, पण साहेब जागेवर नाहीत, तसा प्रकार! मॉनिटरचा दिवा पाहिला, त्याच्या बटणांनी इनपुट बदलून पाहिलं, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. आई चष्मा पुसून तयार बसली होती.

हिशेब जुळला नाही की जुन्या वह्या काढायच्या, ही आमची बँकेतली सवय. म्हणून या वायरीची कुळकथा काढली.

1987 साली आयबीएमने व्हीजीए आणलं. पंधरा पिनांची ती वायर चित्राखेरीज काही नेत नसे. दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले की काम संपलं. लॅपटॉपला घर द्यायची हौस ॲपलने 1992 साली केली. त्यांचा ड्युओ डॉक अख्खा लॅपटॉप व्हीसीआरने कॅसेट गिळावी तसा आत ओढून घेई.

लिनक्सचा जन्म 1991चा, हेलसिंकीतला. पडद्यासाठी त्याने एमआयटीत 1984 साली सुरू झालेली ‘एक्स’ ही पद्धत घेतली. तिचा कारभार सरकारी! मॉनिटर कोणता, सेकंदाला किती वेळा चित्र उमटवणार, हे सगळं आधी एका फायलीत नोंदवायचं. आकडा चुकला तर मॉनिटर बिघडू शकेल, अशी तंबीही असे. मॉनिटर बदलला की फाईल पुन्हा लिहायची. चालू यंत्राला दुसरा पडदा जोडून ‘एक्सरँडर’ या एका हुकमाने तो कामाला लावायची सोय 2007च्या सुमाराला झाली. मग 2010च्या डिस्प्लेपोर्टने एका वायरीतून दोन पडदे चालवले, आणि 2014 साली यूएसबी-सी आलं. वीज, चित्र, माऊस, सगळं एकाच भोकातून!

इथे मला आमची बँक आठवली. पूर्वी चेक द्यायचा, टोकन घ्यायचं, मग लेजर, अधिकारी, कॅशियर. वेळ जाई, पण चेक कुठे अडला ते बोट दाखवून सांगता येई. मग एक खिडकी आली. गिऱ्हाईक खूष, पण आता अडलं तर खिडकीमागे नेमकं कुठे अडलंय ते खिडकीतल्या माणसालाही सांगता येत नाही. आणि तो माणूस मी.

हुकूम दिला. उत्तर आलं, ‘डिस्कनेक्टेड’. म्हणजे लिनक्सच्या लेखी मॉनिटर नव्हताच! भाच्याला फोन लावला.

“मामा, वायर कुठली लावलीय?”

“मोबाईलची. टोक तेच आहे की.”

“टोक तेच असतं, मामा. आतल्या तारा वेगळ्या. मोबाईलच्या बऱ्याच वायरींतून वीज जाते, माऊस चालतो, पण चित्राच्या ताराच नसतात. डॉकच्या खोक्यातली वायर कुठाय?”

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“अहो, ती जाड वायर?” सौ. म्हणाली. “चांगली होती, म्हणून वर कपाटात ठेवलीय. पैठणीखाली.”

स्टूल आलं, पैठणी उतरली, वायर सापडली. ती लावली आणि चोवीस इंचांवर ताई उजळली. आई पुढे सरकली, बराच वेळ बघत राहिली.

“किती वाळलीस गं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आणि तो पंखा पुसत नाहीस का कधी?”