लग्न झाल्यास सेवा समाप्त

आमचं लग्न ठरलं तेव्हा मावशीने पहिला प्रश्न विचारला, "मग आता ती सोडणार ना ते मिलिटरीचं?"

माझी बायको मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर. मी हसून म्हणालो, "नाही गं, ती का सोडेल?" मावशीचं म्हणणं मला जुनाट वाटलं. मावशी बोलत होती तो एके काळी सैन्याचा लेखी नियम होता, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

ते कळलं फेब्रुवारी २०२४मध्ये. लग्नाला दोन महिने उरले होते. हॉल, केटरिंग, तिची रजा मंजूर होणार की नाही, अशा सगळ्या भानगडींत तिने व्हॉट्सॅपवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "वाच. तीस वर्षांपूर्वी आपलं लग्न असतं तर."

ती बातमी सेलिना जॉन यांच्या खटल्याची होती. त्या १९८२मध्ये दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. १९८५मध्ये त्यांना लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळालं आणि सिकंदराबादच्या मिलिटरी हॉस्पिटलात नेमणूक झाली. १९८८मध्ये त्यांनी सैन्यातल्याच एका मेजरशी लग्न केलं आणि त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आलं. लग्न एकच, दोघंही एकाच सैन्यात. नोकरी गेली फक्त तिची.

मला सवयीप्रमाणे मूळ नियमच बघायचा होता. कोड रिव्ह्यू करताना कमेंटवर विश्वास ठेवू नये, फंक्शन उघडून बघावं, तसं. १९७७ची आर्मी इन्स्ट्रक्शन क्रमांक ६१. त्यात नर्सिंग अधिकाऱ्याची नेमणूक कधी संपवता येते याची यादी आहे. पहिलं कारण, मेडिकल बोर्डाने सेवेसाठी अपात्र ठरवणं. तिसरं, गैरवर्तन, कराराचा भंग किंवा असमाधानकारक काम. आणि या दोघांच्या मध्ये, दुसऱ्या क्रमांकावर, लग्न होणं. आजारपण आणि गैरवर्तन यांच्या मधोमध. नियम लिहिणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटलं नसणार. आमच्या मावशीलाही वाटलं नव्हतं.

हे आलं कुठून, ते शोधत मागे गेलो तर थेट मुंबई बंदरात पोचलो. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित नर्सेस मुंबईत उतरल्या. लष्करी इस्पितळांत शुश्रूषेची व्यवस्था उभी करायला त्यांना ब्रिटनहून बोलावलं होतं. त्यांच्यासोबत होत्या कॅथरीन ग्रेस लॉक. तोवर आजारी सैनिकांची देखभाल बहुतेक इतर सैनिकच करायचे. ही व्यवस्था बदलावी म्हणून जोर लावणाऱ्यांत सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या पत्नी लेडी रॉबर्ट्स पुढे होत्या. म्हणजे एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोने खटपट करून ही सेवा सुरू करून घेतली, आणि त्या सेवेत कुणाची बायको असलेलीला जागा नव्हती. ब्रिटिश लष्करी नर्सिंगमध्ये बाई अविवाहित किंवा विधवा असावी, अशी अट असायची. त्या काळचा हिशोब साधा होता. बाईचं घर एकच, नवऱ्याचं नाहीतर नोकरीचं.

पुढे ही सेवा बदलत गेली. १९२६मध्ये भारतीय नर्सेससाठी ती कायमस्वरूपी झाली. १९४३च्या अध्यादेशाने नर्सेसना कमिशन्ड अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली. हिशोब मात्र तोच राहिला. आमच्या भाषेत हा लेगसी कोड. लिहिणारे कधीच निघून गेलेले असतात, तो का लिहिला हे कुणाला आठवत नाही, पण तो दर वेळी रन होतो.

हे फक्त सैन्यात नव्हतं. परराष्ट्र सेवेतल्या महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता यायचं. सी. बी. मुथम्मा यांनी कोर्टात दाद मागितली आणि १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. पण दोनच वर्षांनी, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याची अट रद्द केली आणि पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र ग्राह्य धरली. इतिहास सरळ पुढे जातो असं शाळेत वाटायचं. तो दोन पावलं पुढे टाकून मागे वळून बघतो.

नर्सिंग सेवेतला तो नियम २९ ऑगस्ट १९९५ रोजी मागे घेण्यात आला. सेलिना जॉन यांना तोवर घरी पाठवून सात वर्षं झाली होती. २०१६मध्ये लखनौच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पुन्हा सेवेत घ्यायला सांगितलं. केंद्र सरकार अपिलात गेलं. शेवटी १४ फेब्रुवारी २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी सांगितलं, की लग्न केलं म्हणून बाईला नोकरीवरून काढणं हा ढळढळीत भेदभाव आहे. पुन्हा नोकरीऐवजी ६० लाख रुपये भरपाई, आठ आठवड्यांत. निकालाची तारीख व्हॅलेंटाइन डे. लग्नानंतर ३६ वर्षांनी.

३६ वर्षांत त्या कुठल्या हुद्द्यावर पोचल्या असत्या, हा प्रश्न मला छळतो, कारण दुसरं टोकही माझ्यासमोर आहे. पुण्याच्या एएफएमसीत शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकरही लेफ्टनंट जनरल. त्या डॉक्टर होत्या, नर्सिंग सेवेत नव्हत्या, त्यामुळे तो कलम क्रमांक दोन त्यांच्या वाट्याला आला नाही. एकाच इस्पितळात, एकाच वॉर्डात, एकीला लग्न चालत होतं आणि दुसरीला नाही.

आता आमचं. बायकोला पठाणकोटला जाऊन दीड वर्ष झालं. नवरा-बायको दोघंही सैन्यात असतील तर जवळ पोस्टिंग द्यायचा प्रयत्न होतो. माझ्यासारखा सिव्हिलियन नवरा स्वतःची सोय स्वतः बघतो. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचंच, असं कंपनीचं म्हणणं. आम्ही रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर संसार करतो. तिची नाइट असली की तोही नाही.

गेल्या महिन्यात मी चिडून म्हणालो, "असं किती दिवस चालणार?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू मला सोड म्हणत नाहीयेस, माहितीय मला. पण तुझ्या प्रश्नाला उत्तर एकच सुचतंय, आणि ते मीच द्यावं अशी तू वाट बघतोयस."

मला राग आला, कारण ते खरं होतं. नियम १९९५मध्ये कागदावरून गेला. माझ्या डोक्यात तो चालूच होता, मावशीपेक्षा जरा सभ्य भाषेत.

त्या रविवारी मी मॅनेजरला मेल लिहिला. पूर्ण रिमोट काम द्या, नाही जमलं तर मी दुसरीकडे बघतो. पगार कमी होईल, प्रमोशन वर्षभर लांबेल, हे धरून. सहा महिन्यांची परवानगी मिळाली आहे, पुढचं पुढे. तीन वर्षांनी तिची पुन्हा बदली होईल, तेव्हा हाच हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

आई म्हणाली, "बायकोच्या मागे जाणार तू?" मी म्हटलं, "हो." बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "थंडी असते ना तिकडे? स्वेटर आहे का तुझ्याकडे?"

परवा ट्रेनचं तिकीट काढलं.